कायद्याचे ग्रंथपाल आणि त्यांचे संघ

कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला शिकलो आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले. परंतु ज्या सामान्य माणसाने कायदा जाणावा अशी अपेक्षा आहे, त्याला तो वाचायला कोठे मिळतो, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. तो प्रश्न मला माझ्या मामांनी विचारला. त्याचे उत्तर शोधताना एका अशा व्यवसायाशी ओळख झाली, की ज्याचे नावही मी पूर्वी ऐकले नव्हते. तो व्यवसाय म्हणजे कायद्याच्या ग्रंथपालाचा. त्याची माहिती आपल्या विद्यार्थी बंधुभगिनींना व प्राध्यापकवर्गाला करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हकीकत अशी. आम्ही मांजर्लीला राहतो. मामांची थोडी शेतजमीन बदलापूरपासून जवळच एका खेड्यात आहे. आजोबा कूळ होते आणि कूळकायद्याने ती जमीन त्यांच्या नावावर झाली. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘कु. का. कलम ४३ चे बंधन’ असा शेरा आहे. मामेबहिणीच्या शिक्षणासाठी जमीन विकायचे ठरले, तेव्हा एक मध्यस्थ म्हणाला, “जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वर्ष-दोन वर्षे हेलपाटे घालाल. ते सगळे मी पाहतो, पण भाव निम्मा मिळेल.” मामांनी माळ्यावरून कूळकायद्याचे जुने पुस्तक काढले. त्यातही परवानगी लागते असेच छापलेले होते. मामा म्हणाले, “अरे, तू एवढा कॉलेजात जातोस, खरा कायदा कोठे वाचायला मिळतो ते तरी सांग!” मला सांगता आले नाही.

एका मित्राचा थोरला भाऊ विधी महाविद्यालयात शिकतो. त्याच्या ओळखीने मामांना घेऊन तेथील ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “तुमचे पुस्तक कोणत्या सालचे आहे?” ते होते १९८६ सालचे. बाईंनी नवी आवृत्ती काढली आणि २०१४ ची दुरुस्ती समोर ठेवली. या कायद्याने जमीन खरेदी होऊन दहा वर्षे उलटली असतील, तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागत नाही. आकारणीच्या चाळीस पट नजराणा शासनाकडे भरावा लागतो आणि घेणारा शेतकरी असावा लागतो, वगैरे अटी त्यात होत्या. मामा ते कलम दोनदा वाचत बसले. मग त्यांनी विचारले, “म्हणजे मी आता विकू शकतो ना?” बाई म्हणाल्या, “तो सल्ला वकील देतील, काका. आजचा कायदा कोठे लिहिला आहे, तेवढे दाखवणे माझे काम.”

त्या वेळी मला हे उत्तर थोडे कोरडे वाटले. पुढे कळले की, या व्यवसायाची ही पहिली शिस्तच आहे. ग्रंथपालाने कायदा शोधून द्यावा, तो ताजा आहे की नाही ते सांगावे. पण वाचकाच्या प्रकरणाला तो कसा लागू पडतो, हे सांगू नये. औषधाच्या दुकानदाराने रोगाचे निदान करू नये, तसेच हे.

आता कोणी म्हणेल, ग्रंथपाल तो ग्रंथपाल. कायद्याचा म्हणून वेगळा कशाला? उत्तर मामांच्या पुस्तकातच आहे. कथा-कादंबऱ्यांचे जुने पुस्तक फार तर जीर्ण होते, खोटे होत नाही. कायद्याचे पुस्तक मात्र कपाटात बसल्या बसल्या खोटे होते. विधिमंडळाने एक दुरुस्ती केली की कालचे पान आज दिशाभूल करू लागते. म्हणून कायद्याच्या ग्रंथालयात प्रत्येक अधिनियमाच्या प्रतीवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवणे, राजपत्र चाळणे, कोणते कलम केव्हा बदलले याची नोंद ठेवणे, हे काम अखंड चालते. बाहेरून ते कारकुनी वाटेल. पण एक चिठ्ठी चुकली तर कोणाची तरी जमीन निम्म्या भावात जाते.

नावाचाही घोळ असतो. मामांच्या पुस्तकावर ‘मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८’ असे नाव होते, तर नव्या पुस्तकावर ‘महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’. मामांना वाटले, कायदेच दोन. वस्तुतः राज्याच्या अनेक कायद्यांच्या नावांतील ‘मुंबई’ हा शब्द जाऊन २०१२ साली ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. कायदा तोच. जाणत्या ग्रंथपालाला हे एका वाक्यात सांगता येते. नवख्या माणसाचा दिवस जातो.

मग जुनी पुस्तके रद्दीत घालावीत काय? मुळीच नाही, आणि हीच या ग्रंथालयाची दुसरी गंमत. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या ठिकाणी ३५८ कलमे झाली. खुनाच्या शिक्षेचे सर्वांच्या तोंडी बसलेले ३०२ कलम १०३ झाले, आणि बोलीभाषेत म्हणीसारखे रुळलेले ‘चारशे वीस’ ३१८ व्या कलमात गेले. परंतु त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागू होते. म्हणजे पुढील कित्येक वर्षे दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी हवीत, आणि कोणते केव्हा उघडावे हे सांगणारा माणूसही हवा.

आपल्या शेजारच्या उल्हासनगरचेच पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणच्या लष्करी छावणीत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अशा विस्थापितांना भरपाई व जागा देण्यासाठी केंद्राने १९५४ साली खास अधिनियम केला. तो २००५ साली रद्द झाला. पण कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली झालेले व्यवहार पुसले जात नाहीत. जुन्या कागदाचा अर्थ लावायचा तर तो मृत कायदा वाचावाच लागतो. पुस्तकाच्या दुकानात तो मिळणे कठीण. मिळाला तर कायद्याच्या जुन्या ग्रंथालयात. पुढे अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी खास उल्हासनगरपुरता २००६ साली राज्याने वेगळा अधिनियम केला. एका शहरात राहणाऱ्या माणसाला आपल्या घराची कागदपत्रे समजून घेण्यासाठी किती पुस्तके लागतात, हे यावरून ध्यानात येईल.

अधिनियमांच्या जोडीला न्यायनिर्णयांचे खंड येतात. ‘ए. आय. आर. १९७३ एस. सी. १४६१’ असे काही वकिलांच्या बोलण्यात आले की आपण गांगरतो. पण ही केवळ पत्ता सांगण्याची पद्धत आहे : ऑल इंडिया रिपोर्टर, १९७३ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान १४६१. त्या पत्त्यावर केशवानंद भारती खटल्याचा निर्णय राहतो. अशा निर्णयसंग्रहांच्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. १८७५ च्या कायद्यान्वये सरकारी निर्णयमाला सुरू झाली आणि १८७६ पासून तिची मुंबई शाखा निघू लागली. १८९९ साली ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ निघाले. आणि साऱ्या देशातील वकिलांच्या कपाटात दिसणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ तर नागपूरचे. व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ साली ते सुरू केले.

येथेही ताजेपणाचा प्रश्न आहेच. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, स्थानबद्ध नागरिकाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे एकट्याचे मत विरुद्ध होते. तो खंड आजही कपाटात आहे, त्याची छपाईही स्वच्छ आहे. पण २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे चाललेल्या पुट्टस्वामी खटल्यात तो निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढला गेला. हे त्या खंडाच्या पानावर कोठे छापलेले असणार? ते सांगण्यासाठी सूची लागते, नोंद लागते, आणि ती नोंद ठेवणारा ग्रंथपाल लागतो.

आता मुद्दा असा की, एवढे सारे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. खंड महाग, जागा अपुरी, मदतनीस एखादा. म्हणून या लोकांनी संघ काढले. अमेरिकेत १९०६ साली नॅरागॅन्सेट पियर या गावी चोवीस ग्रंथपाल जमले आणि कायद्याच्या ग्रंथालयांचा त्यांचा राष्ट्रीय संघ जन्माला आला. दोनच वर्षांत, १९०८ साली, त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले आणि कायदेविषयक नियतकालिकांतील लेखांची सूचीही सुरू केली. आज ज्या सूचीशिवाय तिकडे संशोधन होत नाही, तिची सुरुवात अशी मूठभर माणसांनी केली. आंतरराष्ट्रीय संघ १९५९ साली आणि ब्रिटन व आयर्लंडमधील ग्रंथपालांचा संघ १९६९ साली स्थापन झाला.

राष्ट्रीय संघांपेक्षाही मला मौज वाटली ती शहरोशहरीच्या छोट्या संघांची. न्यूयॉर्क परिसरातील कायद्याच्या ग्रंथपालांचा संघ १९३८ पासून आहे. असे स्थानिक संघ करतात तरी काय? ठराविक दिवशी एकत्र जमतात. एक वार्तापत्र काढतात. कोण निवृत्त झाले, कोण नव्याने रुजू झाले, कोणता नवा कायदा आला, कोणत्या प्रकाशकाने वर्गणी वाढवली, असा मजकूर त्यात असतो. कोणत्या ग्रंथालयात कोणत्या मालिकेचे कोणते खंड आहेत याची एकत्रित यादी करतात, म्हणजे एकाकडे नसलेला खंड दुसऱ्याकडून मागवता येतो. एकाकडे जादा झालेली प्रत दुसऱ्याच्या रिकाम्या जागी जाते. नव्या माणसांना शिकवतात. या बातम्या वाचताना कोरड्या वाटतील. पण ती यादी म्हणजेच खरे मोठे ग्रंथालय असते, फक्त ते अनेक इमारतींत विखुरलेले असते.

आपल्या देशात ग्रंथपालांची एकजूट काही नवी नाही. भारतीय ग्रंथालय संघ १९३३ सालचा, तर विशेष ग्रंथालयांसाठीचा ‘इआस्लिक’ हा संघ १९५५ सालचा. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि त्याचा वेळ वाचावा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले. आपल्या परिसराची परंपरा तर त्याहून जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला.

तरीही मामांचा प्रश्न उरतोच. सार्वजनिक वाचनालयात कादंबऱ्या मिळतात, कायदा क्वचित. कायद्याची ग्रंथालये असतात ती न्यायालयांत, वकिलांच्या संघांत आणि विधी महाविद्यालयांत; तेथे सामान्य माणसाला सहज प्रवेश नसतो. कोणी म्हणेल, आता सारे संगणकावर आहे. खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निर्णय २०२३ पासून विनामूल्य उपलब्ध करून दिले, ही मोठीच सोय झाली. निर्णयाच्या मूळ मजकुरावर कोणाची मालकी नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका खटल्यात स्पष्ट केले आहे. परंतु मोबाईलवर ‘कलम ४३’ शोधून पाहा. जुने, नवे, दुसऱ्याच राज्याचे आणि दुसऱ्याच कायद्याचे असे सारे एकदम समोर येते, आणि ‘तुमचे पुस्तक कोणत्या सालचे?’ असे तेथे कोणी विचारत नाही.

म्हणून नम्रपणे सुचवावेसे वाटते. कल्याणपासून बदलापूरपर्यंत महाविद्यालयांची ग्रंथालये आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत. कल्याण व उल्हासनगर येथे न्यायालये आहेत. या ठिकाणच्या ग्रंथपालांनी वर्षातून दोन-तीनदा एकत्र बसावे. कोणाकडे कोणते कायदे आहेत याची एक यादी करावी. प्रत्येक वाचनालयात एक छोटे कपाट असावे : राज्यघटना, कूळकायदा, सदनिकांविषयीचे कायदे, माहितीचा अधिकार, नवी न्याय संहिता, आणि कपाटाच्या दारावर दुरुस्त्यांची तारीखवार नोंद. एवढ्याला फार पैसा लागत नाही. आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय यात पुढाकार घेईल तर चिठ्ठ्या चिकटवायला आम्ही विद्यार्थी तयार आहोत.

मामांनी पुढे रीतसर वकिलांचा सल्ला घेतला, नजराणा भरला आणि जमीन योग्य भावाने विकली. मामेबहीण आता शिकते आहे. माळ्यावरचे ते १९८६ सालचे पुस्तक मात्र मामांनी टाकले नाही. त्याच्या पहिल्या पानावर त्यांनी शाईने लिहून ठेवले आहे : ‘यानंतर दुरुस्ती झाली आहे. विचारून घ्यावे.’