एकच हर्निया, दोन बिलं

तुमच्यापैकी एकाने व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं, "सरकारीत फुकट होतं, तर लोक प्रायव्हेटला जातात कशाला?" योगायोग बघा, आमच्या घरात एकाच वर्षी दोन हर्निया निघाले. बाबांचा आणि मामाचा.

बाबांचं ऑपरेशन प्रायव्हेटला. बिल ९०,००० रुपये. चार लाखांची पॉलिसी होती, म्हणून मी निवांत. खिशातून गेले २८,०००! कसे? पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा होती दिवसाला ४,०००. मी हौसेने ६,०००ची खोली घेतली. दोन दिवसांचे ४,००० जास्तीचे भरू, एवढाच माझा हिशोब. पण कंपनी त्याच प्रमाणात सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग यांचे पैसेही कापते. ते होते ४८,०००, मंजूर झाले दोन तृतीयांश, म्हणजे ३२,०००. औषधं आणि जाळी यांना ही कात्री लागत नाही, ते २२,००० पूर्ण मिळाले. ग्लोव्हज वगैरे किरकोळ ८,००० आपल्याच माथी. थोडक्यात, खोलीतला तो एसी मला २०,०००ला पडला. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाने अटी न वाचता सही केली, काय बोलणार!

मामा हमाली करतो, त्याला पॉलिसी नाही. तो सिव्हिलला गेला. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. (महापालिकेची आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं यात येत नाहीत, गल्लत करू नका.) ऑपरेशन छान झालं, बिल शून्य. पण तारीख मिळाली पाच आठवड्यांनी. तोवर ओझं उचलायचं नाही. ६०० रुपये रोज, तीस दिवस बुडाले. झाले १८,०००. वर एसटीच्या फेऱ्या, मामीचं बाहेरचं जेवण.

आता देशाचा आकडा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८च्या पाहणीत एकदा अॅडमिट होण्याचा (बाळंतपण सोडून) सरासरी खर्च सरकारीत ४,४५२ रुपये, प्रायव्हेटला ३१,८४५. सातपट! आकडे जुने आहेत, पण मुद्दा वेगळाच आहे: हा फक्त उपचाराचा खर्च. मामाची बुडालेली मजुरी यात कुठेच नाही.

आणि रांग का लागते? २०१७च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरलं होतं. २०२१-२२ला तो १.८४ टक्के होता. पैसा कमी म्हणजे सर्जन कमी, टेबलं कमी. मग पेशंट पैशाऐवजी दिवस मोजतो.

बाबांची पॉलिसी पुढच्या महिन्यात रिन्यू करायचीय. रूम रेंटची मर्यादा नसलेली बघतोय, प्रीमियम अर्थातच जास्त. मामासाठीही कोटेशन काढलं. आकडा ऐकून तो म्हणाला, "एवढ्यात माझे दीड महिने जातील रे."