आज सोडतो म्हणाला, तर आजच न्यावे

माळव्यात मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते व निघालेला माल सरकारलाच द्यावा लागतो. तरीही अंगदुखी, जुलाब, रात्रीची राखण अशा निमित्ताने अफूची गोळी किंवा डोडा-चुऱ्याचे पाणी घेण्याची जुनी सवय तेथे आहे. आता जोडीला ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आणि ब्राउन शुगर आली. ही सारी एकाच जातीची व्यसने. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणी-अहवालानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक असले पदार्थ घेतात.

रोज घेतल्याने शरीरालाच त्याची गरज पडू लागते. मिळाले नाही की जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, जुलाब होतात, अंग मोडून येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास असह्य होतो व माणूस पुन्हा तिकडेच वळतो. म्हणून ‘मला सुटायचे आहे’ असे तो म्हणेल, तो दिवस मोलाचा. ‘सुगी आटोपल्यावर बघू’ असे म्हणू नये.

यावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी आहे. ती तलफ व त्रास दोन्ही शमवते. पुष्कळांना दवाखान्यात राहावे लागत नाही. तपासणी करून त्याच दिवशी पहिली मात्रा देता येते. मात्र अफू किंवा ब्राउन शुगर घेऊन साधारण १२ तास झालेले असावेत आणि त्रास सुरू झालेला असावा. घाईने गोळी दिल्यास त्रास उलट वाढतो. म्हणून शक्य तर सकाळी, काही न घेता जावे. शेवटचे काय व केव्हा घेतले, दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना खरे सांगावे.

जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे फोन क्रमांक विनामूल्य आहेत. ‘आज डॉक्टर भेटतील का? जिभेखालची गोळी मिळते का?’ असे स्पष्ट विचारावे.

पोलिसांच्या भीतीने घरी बसू नये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

घरच्यांनी त्याला खोलीत कोंडू नये, मारू नये. काही दिवस बंद ठेवून माणूस बाहेर आला आणि त्याने जुन्याच मापाने पुन्हा घेतले, तर शरीराला ते सोसत नाही. असे मृत्यू होतात. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून जाग येईना, तर लगेच १०८ ला फोन करावा, कुशीवर निजवावे व एकटे सोडू नये. श्वास थांबल्यास तोंडाने श्वास द्यावा.

औषध महिनोन्महिने, कधी काही वर्षे चालते. मधुमेहाला रोज औषध लागते, तसेच हे. डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नये. आणि मध्येच पाय घसरला, तरी दार लावून घेऊ नये. दुसऱ्या सकाळी पुन्हा सोबत जावे.