सेंटरिंगविना उभा राहिलेला घुमट

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांची तांबूस झाक ज्या रात्री खाली उतरलेल्या ढगांवर उमटते, तशा एका पावसाळी रात्री माझा भाचा पडद्यासमोर मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या बोटांच्या हुकुमासरशी एझिओ नावाचा एक शुभ्रवेषधारी तरुण एका भव्य ख्रिस्तमंदिराच्या भिंतीवर पालीसारखा सरसर चढत होता. ‘‘मामा, बघा, आता थेट घुमटावर!’’ असे तो म्हणाला, आणि ज्या वास्तूविषयी मी आजवर केवळ पुस्तकांतून वाचत आलो, तिच्या आठ पांढऱ्या फासळ्या व त्यांमधील तांबडी कौले आमच्या बैठकीच्या खोलीत अवतरली. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे युबिसॉफ्टच्या कारागिरांनी रचलेला आणि २००९ साली बाजारात आलेला ‘असासिन्स क्रीड २’ हा तो खेळ. त्यातील नगर पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स, आणि ती वास्तू ‘सांता मारिया देल फियोरे’, म्हणजे पुष्पाची मेरीमाता, हे तेथील मुख्य ख्रिस्तमंदिर.

ज्या वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि आपल्या या मुलखाच्या स्वास्थ्याला तडा गेला, त्याच १२९६ साली आर्नोल्फो दी कांबियो या स्थपतीच्या आराखड्यानुसार या मंदिराचा पाया घातला गेला. पुढे सव्वाशे वर्षे भिंती उठत राहिल्या, स्थपती मरत राहिले, प्लेगने नगर निम्मे-अधिक ओस पाडले, तरी काम थांबत-थांबत का होईना पुढे सरकत राहिले. आणि अखेर जमिनीपासून सुमारे १७० फूट उंचीवर, सुमारे १४३ फूट रुंदीचे एक अष्टकोनी भगदाड आकाशाकडे आ वासून उरले. त्यावर घुमट घालावयाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. तो कसा घालावयाचा, हे मात्र कोणासही ठाऊक नव्हते.

येथे अडचण कोणती होती हे जालन्याच्या कोणत्याही गवंड्यास एका वाक्यात सांगता येईल. कमान असो वा स्लॅब, ती पक्की होईपर्यंत तिचा भार पेलणारा लाकडी साचा खाली लागतो, ज्याला आपल्याकडे सरसकट सेंटरिंग म्हणतात. आणि एवढ्या उंचीवरील एवढ्या विस्तृत पोकळीखाली उभे करावयाचे सेंटरिंग म्हटले, तर त्यासाठी लागणारे लाकूड आणावयाचे कोठून, हाच प्रश्न. १४१८ साली मंदिराच्या कारभाऱ्यांनी दोनशे सुवर्णमुद्रांचे पारितोषिक लावून तजविजी मागविल्या, आणि पेशाने सोनार असलेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने सेंटरिंगच नको असे सांगितले. १४२० साली काम सुरू होऊन १४३६ साली ते पुरे झाले.

त्याने काय केले? त्याने घुमट एकात एक असे दोन कवचांचे केले. विटा आडव्या रचत असता ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी वीण साधली, जेणेकरून ओला चुना धरेपर्यंत आडवी वीट आत घसरू नये. आणि घुमट आपल्याच वजनाने बाहेर फाटू नये म्हणून पिंपाला पट्ट्या ठोकाव्यात तशा वालुकाश्माच्या, लोखंडी आकड्यांनी सांधलेल्या साखळ्या आणि एक चेस्टनटच्या लाकडाची साखळी त्याच्या अंगात गुंफली. चाळीस लाखांहून अधिक विटा तेथे बसल्या आहेत. भंगार वितळवून त्याच्या सळया साऱ्या देशाला पुरविणाऱ्या आमच्या गावात, जेथे सळईवाचून ओटाही घातला जात नाही, ही हकीकत मनाला अधिकच चटका लावते.

मला स्वतःला घुमटापेक्षाही साहित्य वर चढविण्यासाठी ब्रुनेलेस्कीने रचलेला बैलरहाट अधिक मोहवितो. आपल्या मोटेच्या बैलांना धावेवरून माघारी सरकावे लागे, आणि तो माघारीचा प्रवास बैल व माणूस दोघांच्याही जिवावर येई. ब्रुनेलेस्कीच्या यंत्रात दातेरी चाकांची अशी अदलाबदल होती की बैल एकाच दिशेने चालत राहात आणि दोर मात्र हवा तेव्हा वर, हवा तेव्हा खाली जाई. अशा या पुरुषास १४३४ साली, घुमट पुरा होत आला असता, गवंड्यांच्या श्रेणीची वर्गणी भरली नाही म्हणून काही दिवस कैदेत बसावे लागले!

खेळात यातले काहीच नाही, आणि त्याबद्दल मी खेळास दोष देत नाही. त्याला वास्तूचे कातडे हवे आहे: कोनाडा, कंगोरा, खिडकीची चौकट, जेथे बोट अडकेल आणि पाय ठरेल. आत शिरण्याचाही एक प्रसंग आहे, तेथेही तुळयांवरून उड्या मारीत वर जावयाचे. मात्र एके ठिकाणी माझा व भाच्याचा वाद झाला. २६ एप्रिल १४७८ रोजी, रविवारच्या उपासनेच्या ऐन घटकेस, पात्सी घराण्याच्या कटवाल्यांनी या मंदिरात नगराची सूत्रे हाती असलेल्या मेदिची घराण्यातील दोघा बंधूंवर शस्त्र धरले. जुलिआनो एकोणीस वार लागून जागीच कोसळला, लोरेन्झो मानेवर जखम घेऊन पूजासाहित्याच्या खोलीत शिरला व वाचला. खेळात हा रक्तपात मंदिराबाहेर, पटांगणात होतो. ‘‘बाहेर मारामारीला जागा जास्त मिळते, मामा,’’ हे त्याचे समर्थन, आणि खेळाच्या दृष्टीने ते बिनतोड. परंतु आपल्याच जिल्ह्यातील असईची रणभूमी, जेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या इंग्रज फौजेची शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी गाठ पडली, ती केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यातून उचलून कोणी चार कोस पलीकडे मांडली, तर लढाईचा अर्थच हरपेल, कारण ती लढाई त्या बेचक्यामुळेच तशी लढली गेली. तसेच या खुनाचे. कटवाल्यांनी नेमलेला एक सराईत शिपाई देवघरात शस्त्र चालविण्यास तयार झाला नाही, म्हणून ते काम दोन पाद्र्यांकडे गेले, आणि अडाणी हातांमुळेच लोरेन्झो वाचला. पटांगणात ही कथा घडू शकत नाही.

भाच्याने हे ऐकून घेतले, आणि एझिओला घुमटाच्या शिखरावरून खाली झोकून दिले. त्या खेळात उंचावरून उडी घेणाऱ्यासाठी खाली गवताची गाडी उभी असते. तीत पडले की केस वाकडा होत नाही. खऱ्या घुमटाच्या शिखरावर १४७१ साली शिल्पकार व्हेरोक्कियोने तांब्याचा एक सोनेरी मुलामा दिलेला प्रचंड गोळा बसविला होता. १६०० साली वीज पडून तो निसटला आणि गडगडत खाली आला. जेथे तो आदळला तेथे, मंदिरामागच्या फरसबंदीत, संगमरवराची एक पांढरी तबकडी बसविलेली आहे. गवताची गाडी तेथे नव्हती.