पाठभेद, पोथ्या आणि संगणक

जुबैलच्या कामात पाइपलाइनच्या नकाशांच्या नव्या आवृत्त्या सतत येत असतात. जुना आणि नवा नकाशा संगणकाला दिला की बदललेल्या जागा तो लाल करून दाखवतो. इथे नियम सोपा: शेवटची आवृत्ती खरी, आधीच्या रद्द. जुन्या ग्रंथांचं नेमकं उलटं. तिथे मूळ शोधायचं असतं, आणि उशिराच्या पोथीतही एखादा अस्सल पाठ टिकून राहिलेला असतो.

इंग्रजी कवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या ऐंशीहून अधिक हस्तलिखित प्रती आज आहेत, पण त्याच्या हातची एकही नाही. पीटर रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका प्रकरणाच्या ५८ प्रती संगणकावर ताडून पाहिल्या आणि जीवशास्त्रज्ञ जनुकांवरून वंशावळ मांडतात तशी पोथ्यांची मांडली. १९९८ साली हे 'नेचर'मध्ये आलं. तत्त्व शाळेतलंच आहे. दोन मुलांची उत्तरं बरोबर असली तर काही सिद्ध होत नाही. दोघांची चूक सारखी असेल तर मास्तर कान पकडतात.

आपल्याकडे हे काम संगणकाशिवाय झालं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती १९६६ला पुरी झाली. १२५९ हस्तलिखितं, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्या. कागदावर वर श्लोकाची ओळ, खाली एकेका पोथीतला फरक, असे तक्ते हाताने भरले. तंजावर आणि शांतिनिकेतनातही ताडणीचं काम चाले. प्रमुख संपादक सुकथनकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले. ते त्यांच्या शिस्तीत दिसतं. गणपती लेखनिक झाल्याची आपली लाडकी कथासुद्धा त्यांनी मूळ पाठात ठेवली नाही, परिशिष्टात टाकली. गणेशोत्सवाच्या पुण्यात बसून हे करायला छाती लागते!

ज्ञानेश्वरीच्या प्रती तर नाथांनी शके १५०६ मध्येच ताडून शुद्ध केल्या. पुढे राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली पोथी नाथपूर्व मानून १९०९ साली छापली. दोन्हींत ओव्यांची संख्यासुद्धा सारखी नाही.

घरी आई नाथांच्या परंपरेतली प्रत वाचते. तिच्यासाठी म्हणून मी सुट्टीच्या शुक्रवारी दोन्ही प्रतींचा बारावा अध्याय संगणकाला दिला. पडदा लालेलाल! ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडून लिहिलेले शब्द; जवळजवळ प्रत्येक ओळीत काहीतरी. अनुस्वार सोडून दे, असं सांगितलं तेव्हा लाली ओसरली. पण जुन्या मराठीत 'तें' म्हणजे ती एक वस्तू आणि 'ते' म्हणजे ते पुरुष. टिंब गेलं की अर्थही गेला. कुठला फरक लेखनाचा आणि कुठला अर्थाचा, हे यंत्राला कळत नाही. ते वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. आईला फोनवर विचारलं तर तिने एका ओवीचा निकाल चाल लावून, म्हणून पाहून दिला. ही कसोटी माझ्या संगणकाला कशी शिकवायची?

आता अनुस्वार पुन्हा मोजायला लावले आहेत. अध्याय निम्मा झालाय. मंडळात कुणाच्या घरी आजोबांच्या वेळची छापील ज्ञानेश्वरी असेल, तर पुढच्या भारतवारीत बाराव्या अध्यायाचे फोटो तेवढे काढून आणा.