पुस्तक मिटा, मग अभ्यास सुरू होतो

परीक्षेचं वेळापत्रक फ्रिजवर लागलं की घरात एकच शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो, 'वाच'. वाचायला बस, वाचून झालं का, अजून एकदा वाचून काढ. मूलही बिचारं वाचतं. धडा तीन-तीनदा वाचतं, हायलायटरने अर्धं पान पिवळं करतं आणि रात्री अकराला पुस्तक मिटून सांगतं, "झालं सगळं." मग परीक्षेच्या दिवशी घरी येऊन म्हणतं, "आई, येत होतं गं मला, पण आठवलंच नाही." हे वाक्य तुमच्या घरातही कधीतरी ऐकू आलं असेल. अशा वेळी मुलावर चिडू नका. ते खोटं बोलत नसतं. आदल्या रात्री त्याला खरोखरच वाटत होतं की आपल्याला येतंय.

हे असं का होतं? लग्नात एखादी बाई हसून तुमची चौकशी करते. चेहरा ओळखीचा असतो, मागे कुठेतरी भेटलेलोही असतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मूल त्यालाच 'येतंय' समजतं. परीक्षेत मात्र नाव विचारतात, चेहरा दाखवत नाहीत.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत पुढेच आहे. याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात ज्यांनी वारंवार वाचलं होतं, त्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील याची खात्री अधिक होती!

आजोबांचा परवचा

आपल्याकडे ही गोष्ट प्रयोगाशिवायही ठाऊक होती. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांना ओळीने बसवून परवचा म्हणून घेत. शुभंकरोती, मग पाढे. त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसुद्धा, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे. तेव्हा कुणाच्या हातात पुस्तक नसे. जे काही निघायचं ते डोक्यातून. अडखळलं की शेजारचं भावंडं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

परवच्यात कंटाळा होता आणि कधीकधी पाठीत धपाटाही होता, त्यामुळे त्याचे गोडवे फार गायला नकोत. घोकलेलं सगळं समजलेलं असेच असंही नाही. पण त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. पुस्तक मिटलेलं असे, आणि उजळणी एका रात्रीत न होता रोज थोडी थोडी होई. आज आपण घोकंपट्टीला नावं ठेवतो ते योग्यच, पण तिच्याबरोबर आठवून सांगण्याची सवयही गेली. तिची जागा हायलायटरने घेतली, आणि हा सौदा काही फायद्याचा झाला नाही.

मग घरी काय करायचं? अगदी साधं. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, एक कोरा कागद घ्यायचा आणि दहा मिनिटं जे आठवेल ते लिहायचं. वाक्यं नीट नसली तरी चालतात, आकृती वेडीवाकडी चालते. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या रंगाच्या पेनाने भरायचं. तो वेगळा रंग म्हणजेच उद्याचा अभ्यास. पहिल्या दिवशी पान भरभरून त्या रंगाचं होईल आणि मूल वैतागेल. 'मला काहीच येत नाही' म्हणून रडूही येईल. तुम्ही त्या वेळी घाबरू नका. आठवायला कष्ट पडतात तेव्हाच ते पक्कं होतं. वाचताना सगळं सोपं वाटत होतं, तीच खरी फसवणूक होती.

चंद्रावरचे बटाटे

याहून चांगला एक मार्ग घरात आजी-आजोबा असतील तर आयताच मिळतो. मुलाला सांगा, आज शिकलेलं आजीला समजावून दे.

समजा, गुरुत्वाकर्षणाचा धडा आहे. मूल घडाघडा सांगेल, 'वस्तुमान सगळीकडे सारखं, वजन मात्र जागेप्रमाणे बदलतं. चंद्रावर वजन साधारण एक षष्ठांश होतं.' आजी विचारेल, "मग चंद्रावर बटाटे घेतले तर एका किलोत सहापट येतील का रे?" आता मुलाला पाठ केलेली व्याख्या कामाला येत नाही. त्याला थांबून विचार करावा लागतो. दोन पारड्यांचा तराजू असेल, तर चंद्राच्या कमी ओढीने बटाटेही हलके होतात आणि समोरचं किलोचं मापही तेवढंच हलकं होतं. म्हणजे पारडी इथल्यासारखीच बरोबरीत येतात आणि बटाटेही तितकेच मिळतात. पण स्प्रिंगचा काटा असेल, तर तो सुमारे सहावा भाग दाखवेल, आणि त्या काट्यावर किलो भरेपर्यंत बटाटे घातले तर खरोखरच सहापट मिळतील. हे एकदा आजीला पटवून दिलेलं मूल वस्तुमान आणि वजन यातला फरक पुढे कधी विसरेल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांना तर ही युक्ती आणखी उपयोगी आहे. इंदूर, बडोदा, हैदराबादला मूल इंग्रजी किंवा हिंदी माध्यमात शिकतं आणि घरी मराठी बोलतं. अनेक पालकांना वाटतं, अभ्यासाच्या वेळी तरी मराठी नको, गोंधळ होईल. मला उलट वाटतं. इंग्रजीतली व्याख्या जशीच्या तशी म्हणता येते, न समजताही. तीच मराठीत सांगायची तर आधी समजावी लागते. शब्द अडला तर अडू द्या. 'फोटोसिंथेसिस'ला प्रकाशसंश्लेषण म्हटलं नाही तरी चालेल. 'पान उन्हात स्वतःचं जेवण कसं बनवतं' एवढं आजीला सांगता आलं की काम झालं. उत्तर शाळेच्या भाषेत लिहायचा सराव नंतर वेगळा करावाच लागतो, तेवढं विसरू नका.

आणि हो, विषय तुम्हाला स्वतःला येत नाही म्हणून मागे राहू नका. पुस्तक तुमच्या हातात, प्रश्न धड्याखाली छापलेले, उत्तर समोरून यायचं. पोळ्या लाटतालाटताही हे होतं.

मिठाईचा खोका

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाऊसने १८८५मध्ये विसरण्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि कधी किती विसरतो याची नोंद ठेवली. त्याला दिसलं की सगळ्यात जास्त विसरणं पहिल्याच दिवसात होतं, नंतर वेग मंदावतो. म्हणून आज शिकलेल्या धड्याची पहिली उजळणी उद्याच हवी. महिन्याने केली, तर ती उजळणी राहत नाही, जवळजवळ नव्याने शिकणं होतं.

पण कधी कशाची उजळणी, हे लक्षात कोण ठेवणार? यासाठी सेबास्टियन लाइटनर नावाच्या लेखकाने १९७०च्या दशकात एक खोका सुचवला. तो तुम्ही मिठाईच्या रिकाम्या खोक्यातून बनवू शकता. आत पुठ्ठ्याने तीन कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. सनावळ्या, सूत्रं, व्याख्या, संस्कृतची रूपं, इंग्रजी स्पेलिंग, सगळं चालतं. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकलं की ती कितीही पुढे गेलेली असो, परत पहिल्यात. धाकट्या भावंडांना हा खेळ वाटतो आणि ती आनंदाने परीक्षक होतात.

चिठ्ठ्या मुलानेच लिहायला हव्यात. तुम्ही हौसेने सुवाच्य अक्षरात दोनशे चिठ्ठ्या करून दिल्यात, तर अभ्यास तुमचा होईल.

गणित वेगळं

गणिताला वरचं सगळं पुरत नाही. तिथे चूक वेगळ्या ठिकाणी होते. मूल वर्गसमीकरणांचा सरावसंच बसून पुरा सोडवतं, सगळी उत्तरं बरोबर. परीक्षेत मात्र एक शाब्दिक उदाहरण बघून ते अडतं. कारण सरावसंचावर मथळाच 'वर्गसमीकरणे' असतो, कोणती रीत वापरायची ते आधीच ठरलेलं. प्रश्नपत्रिकेत तो मथळा नसतो. हे रेषीय समीकरण, श्रेढी की वर्गसमीकरण, हे आधी ओळखावं लागतं, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

म्हणून रोज चार वेगवेगळ्या प्रकरणांतून एकेक उदाहरण, असं मिसळून द्या. बालभारतीच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो. तिथली उदाहरणं उचलून चिठ्ठ्यांवर नुसते पान क्रमांक लिहा आणि चिठ्ठ्या उचलायला लावा. वेग सुरुवातीला कमी होईल, चुका वाढतील. दोन आठवडे धीर धरा.

आता थोडं दहावी-बारावीच्या मुलांशी

तुम्ही हे फोनवरच वाचताय, म्हणून फोनला शिव्या देत नाही. फक्त अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून टेबलावर ठेवलेला फोन म्हणजे पाठमोरा बसलेला मित्र, कधी वळेल याकडेच लक्ष राहतं. वर्गाच्या ग्रुपवर दिवसातून एकदा जा, हवं ते घ्या, निघा. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी ही रीत अनेकांना जमते. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर सुरू केली, म्हणून तिचं नाव पोमोदोरो. तुम्हाला चाळीस मिनिटं जमत असतील तर चाळीस. सुट्टीत रील्स मात्र नकोत, पाच मिनिटांची पन्नास कधी होतात कळत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. राज्य मंडळाच्या दहावीत भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. गणित किंवा विज्ञानाच्या एका भागाच्या ४० गुणांना दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या उत्तराला दीड पान लिहिणारी मुलं शेवटचा प्रश्न का सोडतात, ते या हिशेबात दिसतं. सीबीएसईत लिहिण्याआधी पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला मिळतात. त्यात कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर आणि पर्यायांपैकी कोणता, एवढं ठरवून टाका.

आणि झोपा. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं. पहाटे उठून केलेला अभ्यास चांगला, पण रात्री दहाला झोपलेल्यांसाठी. दोनला झोपून पाचला उठणाऱ्यांनी पहाटेचं कौतुक करू नये.

घरातली हवा

पुन्हा मोठ्यांकडे वळते. परीक्षेच्या महिन्यात 'शेजारच्या मुलीचं दोनदा रिव्हिजन झालं' हे वाक्य घरात आणू नका. पाहुणे आले तर 'किती टक्के पडतील?' हा प्रश्न तुम्हीच हसून परतवा, मुलाला उत्तर द्यायला लावू नका. मूल नीट जेवत नसेल, झोप उडाली असेल, 'माझ्याने नाही होणार' असं वारंवार म्हणत असेल किंवा एकदम गप्प झालं असेल, तर ते नाटक समजून सोडून देऊ नका. आधी अभ्यास बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. फोन मूल करू शकतं, तुम्हीही करू शकता. हा क्रमांक वेळापत्रकाशेजारीच फ्रिजवर लावून ठेवा.

पेपर देऊन मूल घरी आलं की प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरं ताडून बघायचा मोह आवरा. गेलेल्या पेपरातला एकही गुण त्याने वाढत नाही आणि पुढच्या पेपरातले मात्र जाऊ शकतात. ती प्रश्नपत्रिका ड्रॉवरमध्ये टाका, ताट वाढा, तासभर झोपू द्या. संध्याकाळी मिठाईचा खोका काढायचाच आहे.