अमेरिकन क्वार्टर नाणे : ओळख व मूल्यनिर्धारण

प्रास्ताविक :
अमेरिकेच्या चलनव्यवस्थेत डॉलरच्या चौथ्या हिश्श्याचे, म्हणजे २५ सेंटचे नाणे ‘क्वार्टर’ या नावाने ओळखले जाते. भारतातील जुन्या पावलीशी त्याचे साम्य केवळ हिश्श्यापुरते आहे. १७९२ च्या नाणे कायद्याने या नाण्यास मान्यता मिळाली आणि १७९६ मध्ये फिलाडेल्फिया येथील टांकसाळीत त्याची पहिली ६,१४६ नाणी पाडण्यात आली. नाणे जितके जुने तितके ते मौल्यवान, असा सर्वसाधारण समज आढळतो. क्वार्टरच्या बाबतीत तो टिकत नाही. १८५३ मध्ये फिलाडेल्फियाने दीड कोटीहून अधिक क्वार्टर पाडले, तर १९३२ मध्ये डेन्व्हर येथे केवळ ४,३६,८०० पाडले गेले. परिणामी झिजलेल्या स्थितीतही हे दुसरे नाणे पहिल्यापेक्षा अधिक किमतीस जाते.

कालनिश्चिती :
वर्ष पुसट झाले असले तरी चित्रावरून काळ ठरविता येतो. १९३० पर्यंतच्या चलनातील सर्व क्वार्टरवर स्वातंत्र्यदेवता आहे; रूपे मात्र बदलत गेली. १८०७ पर्यंत वस्त्रांकित अर्धप्रतिमा, १८१५ ते १८३८ टोपी घातलेली, १८३८ ते १८९१ आसनस्थ, १८९२ ते १९१६ चार्ल्स बार्बर यांनी घडविलेले मस्तक आणि १९१६ ते १९३० हर्मन मॅक्नील यांची उभी देवता. वॉशिंग्टन यांच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त १९३२ मध्ये जॉन फ्लॅनगन यांनी केलेली त्यांची प्रतिमा आली. १९३१ व १९३३ या वर्षांत क्वार्टर पाडलेच गेले नाहीत. त्यामुळे ही वर्षे असलेले नाणे पुढे आल्यास अधिक तपासाची गरज उरत नाही.

आसनस्थ प्रकारातील १८५३ च्या बहुतेक नाण्यांवर वर्षाच्या दोन्ही बाजूंस बाण व मागे गरुडाभोवती किरणे दिसतात. ही केवळ सजावट नव्हे. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या आवकेमुळे चांदी तुलनेने महाग झाली आणि चांदीची नाणी वितळविली किंवा परदेशी पाठविली जाऊ लागली. म्हणून त्या वर्षी क्वार्टरचे वजन ६.६८ ग्रॅमवरून ६.२२ ग्रॅम करण्यात आले. हलके नाणे सहज ओळखता यावे यासाठी ही चिन्हे योजली गेली. किरणे पुढील वर्षीच काढण्यात आली, बाण १८५५ पर्यंत राहिले.

उभ्या देवतेच्या नाण्यात रचनेचाच दोष होता. वर्षाचे आकडे उंचवट्यावर असल्याने ते सर्वप्रथम झिजत. १९२५ मध्ये ते खोलगट भागात नेण्यात आले. म्हणून वर्ष नसलेली नाणी प्रायः त्यापूर्वीची असतात. १९१६ मध्ये अशी केवळ ५२,००० नाणी पाडली गेल्याने हा प्रश्न आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. त्या वर्षीचे नाणे आकडे नसतानाही देवतेच्या केसांच्या व वस्त्राच्या चुण्यांच्या बारीक फरकावरून ओळखता येते. आम्ल लावून पुसलेले वर्ष पुन्हा दृश्यमान करण्याची युक्ती प्रचलित आहे; परंतु त्यामुळे पृष्ठभाग कायमचा बिघडतो व संग्राहक अशा नाण्यास अल्प किंमत देतात.

धातू व टांकसाळीचे चिन्ह :
१८७३ पासून १९६४ पर्यंत क्वार्टरचे प्रमाणित वजन ६.२५ ग्रॅम व चांदीचे प्रमाण ९० टक्के होते. म्हणजे सुमारे ५.६ ग्रॅम शुद्ध चांदी. चांदीचा बाजारभाव हीच अशा नाण्याची किमान किंमत होय. १९६५ पासून चलनातील नाणी तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे थर चढविलेली, ५.६७ ग्रॅम वजनाची आहेत. त्यांच्या दातेरी कडेवर तांबूस पट्टी स्पष्ट दिसते. साधा तराजू व कडेचे निरीक्षण एवढ्यावर हा निर्णय होतो. ‘१७७६-१९७६’ असे दुहेरी वर्ष असलेल्या नाण्यांपैकी संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत काढलेली काही नाणी तेवढी ४० टक्के चांदीची आहेत.

वॉशिंग्टन क्वार्टरवर टांकसाळीचे अक्षर १९६४ पर्यंत मागील बाजूस, पुष्पचक्राखाली असे; १९६८ पासून ते दर्शनी बाजूस आले. फिलाडेल्फियाच्या १९३२ च्या नाण्यास अक्षर नव्हते व ती विपुल आहेत. त्यांवर ‘डी’ किंवा ‘एस’ चिकटवून फसवणूक केली जाते. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी सांधा दिसतो का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रत व किंमत :
विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडलेली १ ते ७० अंकांची श्रेणी आज सर्वत्र वापरली जाते. बार्बर क्वार्टरमध्ये देवतेच्या कपाळपट्टीवरील ‘लिबर्टी’ या शब्दाची किती अक्षरे वाचता येतात, यावर प्रत बहुतांशी अवलंबून असते. पाडलेल्या नाण्यांची संख्या हा दुर्मिळतेचा अंतिम पुरावा नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोची १९१३ ची ४०,००० नाणी निघाली व १९०१ ची ७२,६६४. तरीही १९०१ चे नाणे अधिक महाग आहे, कारण जतन झालेली संख्या, विशेषतः चांगल्या प्रतीची, फार थोडी आहे.

घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह मात्र सर्वाधिक नुकसानकारक ठरतो. चांदीवर काळाच्या ओघात आलेली छटा काढून टाकताना मूळ तकाकीही जाते आणि सूक्ष्म ओरखडे राहतात. मूल्यसूचीतील किमती न घासलेल्या नाण्यांच्या व बहुधा किरकोळ विक्रीच्या असतात. व्यापारी खरेदी करताना त्याहून कमीच देतो. १९४० नंतरची झिजलेली चांदीची नाणी तर बहुतेक वेळा वजनावरच विकली जातात.