विश्लेषण : वेबसाइटच्या नावालाच जोडलेला पत्ता! इंटरनेटची ‘एलओसी’ नोंद काय असते?

घोडेगाव किंवा ओतूरमध्ये मोबाइलचे ‘लोकेशन’ बंद ठेवून हवामानाचे एखादे पान उघडले, तर वर अनेकदा ‘पुणे’ दिसते, कधी थेट ‘मुंबई’. बाहेर जुन्नरचा पाऊस आणि पडद्यावर मुंबईचे तापमान! याच पट्ट्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचे ठिकाण इतके पक्के, की तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल या कारणावरून रेल्वे मंत्रालयाने पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची नारायणगावमार्गे आखणी बाजूला ठेवली. त्यावरून जुन्नर-आंबेगावात नाराजी उमटली ती वेगळी. एका जागेचा इंटरनेट अंदाज बांधते आणि चुकते, दुसरी आपला पत्ता स्वतः जगाला सांगते. असा पत्ता डोमेन नावालाच जोडून जाहीर करण्याची सोय १९९६पासून आहे. तिचे नाव ‘एलओसी’. सीमेवरच्या नियंत्रण रेषेशी तिचा संबंध नाही. ‘लोकेशन’ या शब्दाचे ते लघुरूप आहे.

ही नोंद नेमकी कुठे असते?

डोमेन नेम सिस्टीम म्हणजे डीएनएस. वेबसाइटचे नाव टाइप केले की त्या नावाचा आयपी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा. सातबाऱ्यावर जसे मालकाच्या नावासोबत क्षेत्र, पीक, बोजा हे सगळे असते, तशा एका डोमेन नावाखाली अनेक प्रकारच्या नोंदी असतात. सर्व्हरचा पत्ता एका नोंदीत, ईमेल कुठे पोहोचवायचा हे दुसऱ्या नोंदीत. त्यातच अक्षांश, रेखांश आणि उंची लिहिण्याचा एक प्रकार म्हणजे एलओसी. सातबाऱ्याप्रमाणेच ती कोणीही पाहू शकतो. फरक एवढाच, की इथे फेरफार तपासणारा तलाठी किंवा मंडल अधिकारी नाही. डोमेनचा मालक लिहील ते खरे. त्याने शिवनेरीचे अक्षांश-रेखांश टाकले, तरी अडवणारे कोणी नाही.

क्रिस्टोफर डेव्हिस, पॉल व्हिक्सी, टिम गुडविन आणि इयान डिकिन्सन यांनी जानेवारी १९९६मध्ये ‘आरएफसी १८७६’ या दस्तऐवजात हा प्रकार मांडला. अख्खी नोंद अवघ्या १६ बाइटची. अक्षांश आणि रेखांश विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाच्या, हजाराव्या हिश्शापर्यंत लिहिता येतात. जमिनीवर हे अंतर साधारण तीन सेंटीमीटर भरते. समुद्रसपाटीशी मिळतीजुळती पातळी न धरता पृथ्वीच्या आदर्श लंबगोलाखाली १०० किलोमीटरपासून मोजायला सुरुवात करून उंची सेंटीमीटरमध्ये साठवली जाते.

गंमत पुढे आहे. अचूकतेचा रकाना रिकामा सोडला, तर १० किलोमीटर व्यासाचे वर्तुळ गृहीत धरले जाते. म्हणजे ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे’ एवढाच दावा. हा आकडा पिन कोडच्या सर्वसाधारण व्याप्तीवरून घेतला, कारण पिन कोडवरून ढोबळ ठिकाण काढणे सोपे, असे कारण दस्तऐवजातच दिले आहे. नारायणगावचा ४१०५०४ किंवा मंचरचा ४१०५०३ हा पिन डोळ्यासमोर आणा. गाव कळते, घर कळत नाही.

खोडदचे उदाहरण का महत्त्वाचे?

जीएमआरटीमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यातील १४ मध्यवर्ती चौकात दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या तीन शाखांवर. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर. मग या दुर्बिणीचा ‘पत्ता’ कोणता म्हणायचा? एलओसीमध्ये त्यासाठी आकाराचा वेगळा रकाना आहे. समजा कोणी नमुना म्हणून तिची नोंद लिहायला घेतली, तर १९ अंश ६ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३ मिनिटे पूर्व हे केंद्र आणि २५ किलोमीटर हा आकार, असे लिहावे लागेल. पूर्ण मिनिटांत दिलेल्या या आकड्यांत एक किलोमीटरच्या आसपास चूक असू शकते. गाडीने खोडदला जायचे असेल, तर एवढे पुरेसे आहे.

संशोधकांना मात्र ते पुरत नाही. जीएमआरटीवरून पल्सार या ताऱ्यांची स्पंदने मोजली जातात. त्यांच्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याच्या हिशेबात बदलून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी दुर्बीण पृथ्वीवर नेमकी कुठे आहे हे लागते. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो. ठिकाण तेवढे चुकले, तर वेळ मायक्रोसेकंदापर्यंत चुकते. जून २०२३मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरातील गटांनी एकाच वेळी जाहीर केले, त्यात जीएमआरटीची निरीक्षणेही होती. अशा कामात दुर्बिणीचे निर्देशांक खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेले असतात. तिथे लपवण्यासारखे काही नाही, उलट जाहीर असणे हीच गरज आहे.

मग सगळे ही नोंद का वापरत नाहीत?

वाचणारेच नाहीत. ब्राउझर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०१४मध्ये आपल्याकडील लाखो डीएनएस नोंदींत शोध घेतला, तेव्हा एलओसी प्रकारच्या हजारभरही सापडल्या नाहीत.

दुसरी अडचण मुळातली आहे. दुर्बीण खोडदला, ती चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे मुख्यालय पुण्यात विद्यापीठ परिसरात. जुन्नरमधल्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्राची वेबसाइट तर परदेशातील भाड्याच्या सर्व्हरवर असू शकते. पत्ता यंत्राचा द्यायचा की माणसांचा?

आणि तिसरी गोष्ट सुरक्षेची. नेमक्या ठिकाणावरून यंत्रावर प्रत्यक्ष हल्ल्याचे नियोजन होऊ शकते, हे लेखकांनी तेव्हाच मान्य केले होते. हल्लेखोरांना कल्पना सुचू नये म्हणून या नोंदीला आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे नाव देण्याचा मोह टाळला, असा चिमटाही त्यांनी काढला आहे.

मोबाइलवर ‘मुंबई’ का दिसते?

त्यामागे एलओसी नाही, आयपी पत्त्यावरून बांधलेला अंदाज असतो. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात आणि त्यांची वाहतूक मोठ्या शहरातील केंद्रातून बाहेर सोडतात. अंदाज बांधणाऱ्याला ते शहरच दिसते.

अंदाज चुकला तर तापमान चुकते, एवढ्यावर हे थांबत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एका शेतघराने हे भोगले आहे. ‘मॅक्समाइंड’ या कंपनीकडे ज्या आयपी पत्त्यांचे ठिकाण ‘अमेरिका’ यापलीकडे माहीत नव्हते, ते सारे नकाशावर एकाच ठरावीक बिंदूवर टाकले जात. असे ६० कोटींहून अधिक पत्ते तिथे साचले आणि तो बिंदू पडला नेमका या शेतावर. सायबर चोरांचा माग काढत पोलीस, तपास अधिकारी, संतापलेले लोक वर्षानुवर्षे त्या दारात येत राहिले. २०१६मध्ये हे उजेडात आल्यावर कंपनीने बिंदू उचलून एका तलावात नेला! चुकीच्या अचूकतेचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. ‘१० किलोमीटरच्या वर्तुळात कुठेतरी’ असे कबूल करणारा एलओसीचा रकाना त्यापेक्षा प्रामाणिक म्हणायला हवा.

आता इंटरनेट कंपन्यांसाठी ‘जिओफीड’ नावाची पद्धत आली आहे. २०२०च्या ‘आरएफसी ८८०५’नुसार कंपनी आपल्या आयपी गटांपुढे देश, राज्य, शहर लिहून साधी यादी प्रसिद्ध करू शकते. खासगीपणाच्या चिंतेमुळे त्यातील पिन कोडचा रकाना वापरू नये, असे ठरले. १९९६मध्ये सुरक्षित वाटलेला पिन कोड २०२०पर्यंत जास्त नेमका वाटू लागला.

स्वतःचे डोमेन असलेल्यांनी काय करावे?

शाळा, ग्रामपंचायत, संग्रहालय यांनी एलओसी भरली तर बिघडत नाही. पण त्याने गूगलच्या नकाशावर नाव वर येईल, असे कोणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत. त्यासाठी नकाशावरची व्यवसाय नोंदणी वेगळी असते. घरातून द्राक्षांची विक्री करणाऱ्या शेतकऱ्याने किंवा घराच्याच पत्त्यावर डोमेन चालवणाऱ्याने मात्र नेमके अक्षांश-रेखांश टाकू नयेत, तालुक्याच्या गावाचा बिंदू पुरे. आपल्या डोमेनवर आधीच अशी नोंद आहे का, हे कोणत्याही ‘डीएनएस लुकअप’ पानावर नाव टाकून आणि एलओसी हा प्रकार निवडून मिनिटभरात दिसते. नोंद काढून टाकली, तरी जुन्या प्रती ठरलेली मुदत संपेपर्यंत इतर सर्व्हरवर राहतात. कोणी त्याआधीच उतरवून घेतली असेल, तर ती परत मागता येत नाही.